दोरीचं दुसरं टोक

केतकी बर्गेच्या डाव्या गुडघ्याची चौकशी केल्याशिवाय साताऱ्यात कुणाचा चष्मा होत नव्हता. राजपथावर तिचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाईक आत यायचं, खुर्चीत बसायचं आणि भिंतीवरची अक्षरं वाचायच्या आधी विचारायचं, "काय मॅडम, गुडघा काय म्हणतोय?" दीड वर्षात तिने सगळी उत्तरं देऊन पाहिली होती. "बरा आहे" म्हटलं की लोक म्हणायचे, मग पळत का नाही? "बरा नाही" म्हटलं की प्रत्येकाकडे कसलंतरी तेल निघायचं. शेवटी ती सांगायला लागली, "तो बिचारा काहीच म्हणत नाही हो. जे काय म्हणायचं ते चोंबडाच म्हणतो."

चोंबडा म्हणजे एक यंत्र. खोक्यावर त्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण साताऱ्यातल्या पळणाऱ्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं उरकून टाकलं. सारखं आपल्याबद्दल काहीतरी सांगत सुटतं, त्याला दुसरं काय म्हणणार? गुडघ्यावर चढवायची एक काळी पट्टी, मनगटावर घालायचं एक कडं आणि कानात बसणारी एक बारीक गोळी, एवढाच त्याचा संसार.

आपला गुडघा दिवसभर बोलत असतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती हाडं एकमेकांवरून सरकताना कूर्चा फार बारीक आवाज करते, इतका वरच्या पट्टीतला की माणसाच्या कानाला तो ऐकूच येत नाही. कूर्चा धड असेल तर आवाज एक, खरबरीत झाली तर दुसरा. काळी पट्टी तो आवाज ऐकायची. कड्याचं काम आणखी मजेशीर होतं. माणूस पळताना डावा पाय पुढे टाकतो तेव्हा उजवा हात पुढे जातो, नाहीतर अंग गरकन फिरेल. म्हणून पायावर भार कसा पडतोय, हे समोरच्या बाजूच्या हाताच्या झोक्यावरून ओळखता येतं. पाय दुखायला लागला की माणूस तो वाचवतो, आणि पाय वाचवायला लागला की हाताचा झोका मोडतो. हे त्याचं त्यालाही कळत नाही, कड्याला कळतं. केतकीचा डावा गुडघा दुखरा, म्हणून तिचं कडं उजव्या मनगटावर. सगळं ठीक असलं की कड्यावर हिरवा ठिपका, शंका आली की पिवळा, आणि बिनसलं की लाल. लाल झालं की कानात 'टुक' असा आवाज व्हायचा. या टुकने केतकीचं जिणं हराम केलं होतं.

कारण ती एकटी पळणारी बाई नव्हती. ती जोडीने पळायची.

जोडीदार म्हणजे अ‍ॅडव्होकेट भार्गव खामकर. जिल्हा न्यायालयात फौजदारी खटले चालवणारे, पन्नाशी ओलांडलेले, जिभेला भलतीच धार असलेले गृहस्थ. विशीत डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली, पण बाकी काही थांबलं नाही. आठ वर्षांपूर्वी ते केतकीच्या दुकानात शिरले आणि काउंटरवर काठी टेकवून म्हणाले, "मला चष्मा नकोय. दोन पाय आणि दोन डोळे हवेत, पहाटे तासभर. पाय माझे आहेत, डोळ्यांचं काय ते बघा." चष्मेवालीच्या दुकानात आंधळं गिऱ्हाईक येऊन डोळे मागतं, हा विनोद त्यांनी पुढे आठ वर्षं जाईल तिथे सांगितला.

दोघं पळायची ती दोरीने. दोरी कसली, बुटाची जुनी नाडीच. तिच्या दोन टोकांना दोन फास. एक केतकीच्या उजव्या हातात, दुसरा वकीलसाहेबांच्या डाव्या हातात. हात एकत्र हलायचे, म्हणून बाहेरचे पायही एकत्र पडायचे. तिचा डावा आणि त्यांचा उजवा. लांबून ऐकलं तर एकच माणूस पळतोय असं वाटायचं. पहिल्याच दिवशी वकीलसाहेबांनी करार केला होता, तोंडी. "रस्त्यात जे असेल ते तू सांगायचं, अंगात जे असेल ते मी सांगायचं. कुणी काही वाढवायचं नाही, कुणी काही झाकायचं नाही. हा करार मोडला की दोरी सोडायची." त्यामुळे पळताना त्यांचं बोलणं असं चालायचं.

"चढ."

"दम ठीक."

"डावीकडे खड्डा. गेला."

"टाच घासतेय. थांबायचं नाही."

दीड वर्षापूर्वी यवतेश्वरच्या घाटात ही दोरी तुटली. घाट उतरताना मागून पाण्याचा टँकर आला. नव्या तऱ्हेचा, विजेवरचा, आत ड्रायव्हर नसलेला. जुना टँकर दोन वळणं आधी बोंबलत यायचा आणि वकीलसाहेबांना तिच्याआधी कळायचा. हा आला मांजराच्या पावलांनी. केतकीने दचकून मागे पाहिलं, आणि नेमकं त्याच क्षणी पुढचं पाहायचं राहून गेलं. वळणावर खडी सांडलेली होती. दोघं भेलकांडली, एकमेकांत अडकून पडली. केतकीचा डावा गुडघा दगडावर असा आपटला की तिने हंबरडाच फोडला. माणसं धावून आली. वकीलसाहेब रस्त्यावर बसून सांगत होते, "मला काही नाही झालेलं. तिला बघा आधी, तिला बघा."

गुडघ्याच्या आतलं लिगामेंट फाटलं होतं. ऑपरेशन झालं, काठी आली आणि गेली, व्यायाम झाले. त्यानंतर चोंबडा आला आणि घरात मुक्कामालाच राहिला.

*

डॉ. मुग्धा सबनीस खेळाडूंच्या दुखण्यांच्या डॉक्टर. पुण्यातली चालती प्रॅक्टिस सोडून डोंगर चढायच्या नादाने साताऱ्यात आलेल्या. त्यांनी भिंतीवर केतकीच्या तीन महिन्यांच्या धावा लावल्या आणि कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"हे बघा, गंमत बघा. या एकटीच्या धावा. हिरव्या, हिरव्या, एखादी पिवळी. आणि या जोडीच्या."

जोडीच्या धावा गोवर आल्यासारख्या लाल ठिपक्यांनी भरल्या होत्या.

"म्हणजे गुडघा खराबच आहे?" केतकीने विचारलं.

"तेच तर नाही ना! पट्टी म्हणतेय गुडघ्याचा आवाज अगदी स्वच्छ आहे. फोटोतही काही नाही. तक्रार कड्याची आहे. कडं म्हणतंय, तुम्ही डावा पाय वाचवताय. आणि तेसुद्धा फक्त खामकरांबरोबर पळताना."

"पण मला खरंच दुखतं हो. नाटक नाही करत मी."

"नाटक कोण म्हणतंय?" डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "वेदना गुडघ्यात होत नाही, केतकीताई. ती मेंदूत तयार होते. गुडघ्याकडून नुसती खबर जाते. ती खबर कितपत धोक्याची, ते मेंदू ठरवतो, आणि धोक्याची वाटली तर दुखवतो, म्हणजे तुम्ही थांबाल. एकदा मोठं दुखणं होऊन गेलं की मेंदू हळवा होतो. जखम भरते, पण पहारा उठत नाही. मग साधी खबर आली, कानात टुक झालं, नुसतं ते वळण दिसलं, तरी तो दुखवतो. ती वेदना शंभर टक्के खरी असते. इजा मात्र नसते."

"मग एकटीने पळताना का नाही दुखवत?"

"मला वाटतं, तुम्हाला स्वतःच्या पडण्याची भीती नाहीये. त्यांना पाडण्याची आहे."

दीड वर्ष जे केतकी कुणाला बोलली नव्हती ते या बाईने भिंतीवर ठिपक्यांत वाचून दाखवलं. ज्याने आपल्या डोळ्यांवर विसंबून पाय टाकला त्याला आपण खडीत लोळवलं. रात्री कूस बदलतानाही तिला ते आठवायचं.

"काय करू मग?"

"काही दिवस त्यांच्याबरोबर पळू नका. एकट्या पळा. मेंदूला पटू द्या."

"पुढच्या महिन्यात घाटदौड आहे."

"माहितेय," डॉक्टर म्हणाल्या.

घाटदौड म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून उतरायची वार्षिक शर्यत. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या केतकीने वकीलसाहेबांना शब्द दिला होता, की जिथे पडलो तिथूनच दोघं दोरी धरून उतरू. गेल्या वर्षी जमलं नाही. यंदाही गेलं, तर मग ही जोडी कसली आणि ही दोरी कसली!

*

सांगायला ती कोर्टात गेली. दुपारच्या सुट्टीत वकीलसाहेब बार रूमच्या कोपऱ्यात चहा घेत बसले होते. जवळ बसल्यावर निलगिरी तेलाचा भपका आला.

"कुणाला बरं नाही?"

"नंदाला सर्दी झालीय. घरभर वास मारतोय नुसता," वकीलसाहेब म्हणाले. नंदा म्हणजे त्यांची बायको. "तू बोल. आवाज पडलाय तुझा. केस हरलेला अशील असाच बोलतो."

केतकीने सगळं सांगितलं. मेंदूचा पहारा, हिरवे ठिपके, लाल ठिपके. शेवटचं वाक्य तिच्या जिवावर आलं होतं, पण करार होता. जे असेल ते सांगायचं.

"थोडक्यात, तुमच्याबरोबर पळलं की माझा गुडघा दुखतो."

तिला वाटलं होतं, ते वाद घालतील. चोंबड्याची, डॉक्टरांची, झालंच तर तिचीही उलटतपासणी घेतील. अर्धा तास डोकं खातील आणि मग म्हणतील, उद्या पहाटे ये मुकाट्याने. वकीलसाहेबांनी कप बशीत ठेवला.

"मग सोड की. एवढं काय त्यात? दोरीचं दुसरं टोक कुणीही धरेल. तो पोहायला शिकवणारा प्रणित ढाणे मागेच विचारत होता."

"वकीलसाहेब..."

"अगं, बरं झालं म्हणतोय मी. तू मोकळी, मीही मोकळा."

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. आठ वर्षं पहाटे अंथरूण सोडलं, यांच्यासाठी रस्त्यावरचा खडान् खडा डोळ्यांत तेल घालून पाहिला, आणि यांना बरं झालं! ती चहा न घेताच उठली. घरी येऊन नवऱ्यासमोर, अभयसमोर, तिने वकीलसाहेबांचा असा उद्धार केला की त्याने गुपचूप टीव्हीचा आवाज बंद केला.

*

आणि खरं सांगायचं तर, गुडघा बरा झाला. प्रणित ढाणेने दोरी धरली, केतकी एकटी पळायला लागली, आणि कडं असं हिरवंगार झालं की बघत राहावं. एक दिवस ती न थांबता यवतेश्वर चढली आणि उतरली. ज्या वळणावर पडलो होतो तिथे मुद्दाम पाय आपटून गेली. टुक नाही, कळ नाही. घाटाखालच्या ढोल्या गणपतीच्या देवळापाशी येऊन ती पाणी प्यायली आणि एकदम तिला रडू फुटलं. म्हणजे डॉक्टरांचं खरं होतं. भीतीच होती. आपणच भित्र्या निघालो.

तिचा हा आनंदाचा आणि दुःखाचा मिळून पंधरवडा झाला असेल नसेल, तोच दुकानात प्रणितचा फोन आला. हा गडी तिशीतला, पोलादी अंगाचा, आजवर ज्याला कधी साधी लचकही भरली नव्हती असा.

"ताई, एक विचारू? हसू नका. तुमचा गुडघा मला लागला की काय?"

"म्हणजे?"

"माझा चोंबडा लाल दाखवतोय. डावा गुडघा. परवापासून दुखायलाही लागलाय."

"कधी दाखवतोय? एकटा पळताना?"

"नाही ना! एकटा पळालो की हिरवा. वकीलसाहेबांबरोबरच."

समोर एक आजोबा चाचणीची लोखंडी चौकट नाकावर चढवून बसले होते. केतकी फोन धरून तशीच उभी राहिली. प्रणितला कसली आलीय भीती? त्याने कुणाला खडीत पाडलं नव्हतं. त्याच्या मेंदूला पहारा द्यायचं काहीच कारण नव्हतं. मग?

"अहो मॅडम, हे चांगलं का आधीचं?" आजोबांनी विचारलं.

केतकीने सवयीने एक भिंग काढलं, दुसरं घातलं. "आता?"

"आता जरा बरं."

"आणि हे?"

हे करता करताच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वीस वर्षं ती हेच तर करत आली होती. एका वेळी एकच भिंग बदलायचं. दोन बदलली की दोष कुठे होता ते जन्मात कळत नाही. डॉक्टरांनी काय केलं होतं? जोडीची धाव काढून एकटीची धाव घातली होती. त्यात माणूस बदलला, वेग बदलला, रस्ता बदलला, दोरीही गेली. चार भिंगं एकदम! आणि त्यातलं एकच भिंग उचलून म्हणाल्या, भीती.

"आजोबा, तुमचा चष्मा परवा देते," ती म्हणाली, "पण तुम्ही माझं फार मोठं काम केलंत बघा." आजोबा चक्रावून गेले.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्टेडियमवर हजर झाली. वकीलसाहेब आणि प्रणित मैदानाच्या कडेला उभे होते.

"केतकी," वकीलसाहेब तिच्या बुटांच्या आवाजावर म्हणाले. "तुझी तर सुटका झाली होती."

"एक प्रयोग करायचाय. तुम्ही फक्त पळा. प्रणित, तुझं कडं मला बघू दे दर फेरीला."

"कसला प्रयोग?"

"चष्म्याचा," केतकी म्हणाली.

पहिली फेरी प्रणित आणि वकीलसाहेब दोरी धरून पळाले. लाल. दुसऱ्या फेरीला तिने दोरी काढून घेतली. मैदान मोकळं, वळण सारखं. प्रणितने नुसतं बोलत शेजारून पळायचं, वकीलसाहेबांनी आवाजाच्या मागे. तोच वेग, तीच माणसं, तोच मातीचा रस्ता. ठिपका हिरवा राहिला. फेरी संपेपर्यंत हिरवा.

"अरेच्चा!" प्रणित म्हणाला.

"परत दोरी धरा. पण कडं उजव्या हातातून काढून डाव्यात घाल, आणि तसं कड्याला सांगून ठेव."

हिरवा.

"आता परत उजव्यात."

अर्ध्या फेरीत लाल.

वकीलसाहेब थांबले. त्यांना धाप लागली होती, जरा जास्तच. "ही उलटतपासणी कुणाची चाललीय? आरोपीला कळू तरी दे."

केतकीचं डोकं भराभर चाललं होतं. दोष माणसात नव्हता, वेगात नव्हता, मातीत नव्हता. तो नाडीतून येत होता. एवढीशी बुटाची नाडी! तिच्यातून काय येणार? हिसका. दुसरं काही येऊच शकत नाही. दोरीतल्या हाताचा झोका कुठेतरी मोडतोय, केसभर, आणि तो हिसका या टोकाला कड्यात उतरतोय. कडं बिचारं एका माणसासाठी बनवलेलं. पुण्या-बंगळुरात बसून ज्यांनी ते बनवलं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल, की या मनगटाला दुसरं मनगट बांधलेलं असेल. कड्याला वाटतं, हात हिच्याच पायाची खबर देतोय. आणि हात देतोय दुसऱ्याच पायाची.

झोका कधी मोडतो? माणूस पाय वाचवतो तेव्हा. वकीलसाहेबांचा डावा हात कुठल्या पायाबरोबर जातो?

निलगिरी तेल. नंदावहिनी काल दुकानात येऊन गेल्या होत्या, आणि सर्दीचं विचारल्यावर 'मला कधी झाली?' म्हणाल्या होत्या.

"प्रणित, तू जा रे आता," ती म्हणाली. "तुझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. सारखं टुक ऐकून मेंदू घाबरलाय तुझा. चार दिवस एकटा पळ, दुखायचं थांबेल."

तो गेल्यावर ती वकीलसाहेबांसमोर उभी राहिली.

"उजवा गुडघा. कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"वकीलसाहेब, कोर्ट नाहीये हे."

स्टेडियमच्या पायऱ्यांवर योगासनांचा वर्ग सुरू होत होता. वकीलसाहेबांनी चाचपडत कठडा शोधला आणि त्यावर बसले, उजवा पाय लांब करून. इतकी वर्षं ती शेजारून पळाली, पण समोरून यांना बसताना तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"तेव्हापासूनच," ते म्हणाले. "घाटापासून."

"तुम्ही म्हणालात, मला काही नाही झालेलं."

"तू ओरडत होतीस. तसं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यात मी पण म्हणायचं, की मलाही लागलंय? तू जन्मभर डोक्यात ठेवलं असतंस, आंधळ्या माणसाला पाडलं म्हणून. मग दोरी हातातच घेतली नसतीस."

"आणि नंतर? दीड वर्ष?"

"नंतर सांगायची वेळ निघून गेली. रोज वाटायचं, कमी होईल. तू परत आलीस, तुझं दुखायला लागलं, मग तर बोलायची सोयच राहिली नाही. तू सोडते म्हणालीस तेव्हा वाटलं, सुटली एकदाची. हळूहळू मीही बंद करीन, वयाचं कारण सांगून."

केतकीच्या अंगाचा तिळपापड झाला. "शाबास! म्हणजे दुखत होतं तुम्हाला, आणि भित्री ठरले मी! डॉक्टरांनी मला सांगितलं, तुमच्या डोक्यातली भीती आहे ही. मी मान्य केलं. मी माझ्या मनाला रोज शिव्या घातल्या. मी तुम्हाला येऊन सांगितलं, की तुमच्याबरोबर पळलं की मला दुखतं. आणि तुम्ही मूग गिळून चहा पीत बसलात! माझा त्रास वाढू नये म्हणून गप्प बसलात ना? वाढलाच की! तुमचाच त्रास दोरीतून येऊन माझ्या गुडघ्यात बसला!"

वकीलसाहेबांनी मान वर केली. "काय म्हणालीस? परत सांग."

मग रागातच तिने त्यांना सगळं उलगडून सांगितलं. तुमचा उजवा पाय कचरतो, तुमचा डावा हात अडतो, नाडी ताणते, कडं चुगली करतं, कानात टुक होतं. माझा मेंदू आधीच हळवा. तो म्हणतो धोका आहे, आणि डावा गुडघा दुखवतो. कळ खरी, इजा खरी, फक्त एकाची इजा आणि दुसऱ्याची कळ. सांगता सांगता तिचा राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. केवढी अजब गोष्ट होती ही! ज्याने दुखणं लपवलं होतं त्याचं दुखणं तिने महिनोन्महिने दर पावलाला अंगावर काढलं होतं, आणि ते कुणाचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"वा!" वकीलसाहेब हळूच म्हणाले. "साक्षीदार फुटला नाही, नाडी मात्र फुटली." मग म्हणाले, "केतकी, मी करार मोडला."

"मोडलात."

"मग दोरी सोडायची?"

खाली बसून तिने स्वतःच्या गुडघ्यावरची काळी पट्टी सोडवली आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यावर चढवली. कडं त्यांच्या डाव्या मनगटात घातलं. "चार पावलं टाका. एकट्याने. मी पुढे बोलत चालते."

ते चालले. तिने कडं पाहिलं.

"काय रंग?"

खोटं बोलावंसं वाटलं तिला. पिवळा म्हणावं, पुढच्या महिन्यातली घाटदौड अजून हातातून गेलेली नाही म्हणावं. दीड वर्षापूर्वी याच मोहापायी एका माणसाने रस्त्यावर बसून म्हटलं होतं, मला काही नाही झालेलं.

"लाल," ती म्हणाली. "आणि पट्टीलाही आवाज खरबरीत येतोय. म्हणजे आत खरंच काहीतरी आहे. आज डॉक्टरांकडे जायचं. घाटदौड यंदा नाही. पुढच्या वर्षीचंही आत्ताच सांगता येणार नाही."

"तू पळ. तुझा तर बरा झालाय. मी खाली ढोल्या गणपतीपाशी उभा राहतो. तुझं पाऊल ओळखीन मी हजारात."

"बघू," केतकी म्हणाली.

पुढे डॉ. सबनीसांनी हे प्रकरण कंपनीला कळवलं. डॉक्टर मोठ्या मनाच्या. केतकीला फोन करून म्हणाल्या, चूक माझी, मी ठिपके वाचले आणि दोरी विसरले. काही महिन्यांनी चोंबड्याच्या खोक्यात एक नवी सूचना येऊ लागली: दुसऱ्या व्यक्तीचा हात धरलेला असताना हे उपकरण वापरू नये. नंदावहिनींनी ती वाचून नवऱ्याला ऐकवली आणि म्हणाल्या, मग याचा माणसाला उपयोग तरी काय? पण ते सगळं नंतर.

त्या पहाटे केतकीने कानातली गोळी काढून खिशात टाकली. चोंबड्याचं सगळं बिऱ्हाड पिशवीत घातलं. नाडीचा एक फास स्वतःच्या बोटांत घेतला, दुसरा वकीलसाहेबांच्या हातात दिला.

"एक फेरी. चालत."

"चालत," ते म्हणाले.

दोघं निघाली. बाहेरचे पाय आपोआप एकत्र पडले. दहा-बारा पावलांवर तिला नाडीत काहीतरी जाणवलं, इतकं बारीक की आजवर तिने ते दोरीचंच वजन समजून सोडून दिलं असतं. कड्याची गरजच नव्हती. तिच्या हाताला हे केव्हाचं माहीत होतं, फक्त तिने हाताला कधी विचारलं नव्हतं.

"आत्ता दुखलं?"

वकीलसाहेबांचं तोंड उघडलं, सवयीने 'नाही' म्हणायला. ते मिटलं.

"हो."

"आत्ता?"

"हो. आत्ताही."

तिचा स्वतःचा गुडघा शांत होता. वळण आलं तसं तिने समोर पाहिलं, पावलापुढे पाऊल, एकही खडा नजरेतून सुटू न देता.

"सपाट," केतकी म्हणाली.

"दुखतंय," वकीलसाहेब म्हणाले.

"वळण, डावीकडे."

"दुखतंय. पण चालवतंय."

"सपाट."

आणि अशी एकेक गोष्ट सांगत सांगत त्यांनी ती फेरी पुरी केली.